जहाजमालक टिमोथी मेहर

चरित्रे बहुधा थोरांची लिहिली जातात. ज्यांनी देशासाठी देह झिजविला, ज्यांनी ज्ञानाचा प्रकाश पसरविला, दीनदुबळ्यांचे अश्रू पुसले, त्यांच्या जीवनाचे चिंतन करावे आणि त्यांच्या पावलावर पाऊल टाकण्याचा प्रयत्न करावा, हा चरित्रवाचनाचा हेतू सर्वमान्य आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला कधी कधी असेही एखादे चरित्र उघडावे लागते की, जे अनुकरणासाठी नसून सावध होण्यासाठी असते. खडकाळ किनाऱ्यावरील दीपगृह जसे गलबताला इकडे येऊ नकोस असे सांगते, तसे अशा माणसाचे जीवन आपणांस काही सांगत असते. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मोबील या बंदराचा धनाढ्य जहाजमालक टिमोथी मेहर याचे जीवन या दुसऱ्या प्रकारात मोडते.

मेहरचा जन्म १८१२ साली अमेरिकेच्या अगदी उत्तरेकडील मेन या राज्यात झाला. त्याचे घराणे आयर्लंडमधून आलेले. पुढे ज्या दक्षिणेकडील गुलामगिरीचा तो कट्टर अभिमानी बनला, त्या दक्षिणेशी त्याचा जन्माने काहीही संबंध नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. विशीतला हा तरुण १८३५ च्या सुमारास नशीब काढण्यासाठी मोबीलला आला. त्या वेळी मोबील हे कापसावर पोसलेले नगर होते. अलाबामा आणि टॉम्बिग्बी या नद्यांच्या काठी असलेल्या मळ्यांतून कापसाचे गठ्ठे वाफेच्या बोटींनी खाली येत आणि तेथून लिव्हरपूलकडे व न्यूयॉर्ककडे रवाना होत. कापसाच्या निर्यातीत पुढे न्यू ऑर्लिन्सच्या खालोखाल मोबीलचे नाव घेतले जाऊ लागले.

मेहरने बोटीवरच्या साध्या खलाशापासून आरंभ केला. तो कष्टाळू होता, धाडसी होता आणि व्यवहारात अत्यंत दक्ष होता. खलाशाचा तो तांडेल झाला, तांडेलाचा कप्तान झाला, आणि कप्तानाचा बोटींचा मालक झाला. जेम्स आणि बर्न्स हे त्याचे भाऊही त्याच्याबरोबर या उद्योगात होते. मोबीलच्या उत्तरेस नदीकाठी त्यांनी लाकूड कापण्याची गिरणी आणि जहाजबांधणीचा कारखाना उभारला. मेहरच्या बोटी नदीवर नावाजलेल्या होत्या. जमीन, जंगल, गिरणी, बोटी आणि गुलाम असे सर्व प्रकारचे वैभव त्याच्या दारी आले. मनुष्य एवढ्यावरच थांबता, तर शून्यातून विश्व निर्माण करणारा उद्योजक म्हणून त्याचे गुणगान कोणी केलेही असते. मात्र त्या विश्वाच्या पायाखाली कोणाचे श्रम गाडले गेले होते, हा प्रश्न तेव्हाही उरलाच असता.

येथे थोडी पार्श्वभूमी समजून घेतली पाहिजे. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी स्त्रीपुरुषांना जहाजांत कोंबून अटलांटिक महासागरापार नेण्यात आले. त्यांपैकी सुमारे अठरा लक्ष माणसे वाटेतच मरण पावली आणि त्यांची प्रेते समुद्रात फेकण्यात आली. या व्यापाराविरुद्ध हळूहळू लोकमत जागृत झाले. १८०७ साली इंग्लंडने आणि अमेरिकेने गुलामांच्या आयातव्यापारावर बंदी घालणारे कायदे केले. अमेरिकेतील कायदा १ जानेवारी १८०८ पासून अंमलात आला. पुढे १८२० साली असा गुलामांचा व्यापार म्हणजे चाचेगिरीच होय, आणि तिला देहान्त शिक्षा दिली जाईल, असे अमेरिकेच्या काँग्रेसने ठरविले. परंतु या कायद्यात एक मोठी विसंगती होती. परदेशातून गुलाम आणणे हा मृत्युदंडाचा अपराध होता. देशात असलेले गुलाम विकणे, विकत घेणे आणि राबविणे हे मात्र राजमान्य होते! १८६० साली अमेरिकेत जवळजवळ चाळीस लक्ष माणसे गुलामगिरीत होती.

कापसाचे भाव जसजसे चढले तसतसे गुलामांचे भावही चढले. एका धडधाकट तरुण गुलामासाठी दक्षिणेत हजार डॉलरांहून अधिक रक्कम मोजावी लागे. तोच मनुष्य आफ्रिकेच्या किनाऱ्यावर शंभर डॉलरांच्या आसपास मिळे. या तफावतीने अनेकांची मने चळली. परदेशातून गुलाम आणण्याचा व्यापार पुन्हा खुला करावा, अशी चळवळ दक्षिणेत उघडपणे सुरू झाली. १८५८ साली ‘वाँडरर’ नावाच्या एका विलासी नौकेतून सुमारे चारशे आफ्रिकी लोक जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावर उतरविण्यात आले, आणि त्या कटाचे सूत्रधार न्यायालयातून निर्दोष सुटले. कायदा पुस्तकात होता. पण त्याची अंमलबजावणी ज्यांनी करावयाची ते पंच, तो न्यायाधीश आणि तो समाज गुलामांच्या मालकांचाच होता.

अशा वातावरणात मेहरच्या मनात दुष्ट बुद्धी उपजली. १८५९ च्या सुमारास त्याच्या ‘रॉजर बी. टेनी’ या बोटीवर उत्तरेकडील काही उतारूंशी त्याचा वाद झाला आणि त्या वादाच्या भरात आपण सरकारच्या नाकावर टिच्चून आफ्रिकेतून गुलाम आणून दाखवू, अशी पैज त्याने मारली, असे परंपरेने सांगतात. ही बोट ज्यांच्या नावाची होती ते रॉजर टेनी हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. काळ्या वर्णाच्या मनुष्याला अमेरिकेचे नागरिकत्व असू शकत नाही, असा निर्णय त्यांनीच १८५७ साली ड्रेड स्कॉट याच्या खटल्यात दिला होता. नफ्याची हाव, वर्णाचा अहंकार आणि कायद्याविषयीची तुच्छता या तिन्ही गोष्टींचा संगम त्या पैजेत झाला होता. शंभरावर माणसांचे जीवन एका श्रीमंताच्या हट्टासाठी पणाला लागले, आणि ज्यांचे जीवन पणाला लागले त्यांना त्याची वार्ताही नव्हती.

मेहर स्वतः आफ्रिकेस गेला नाही. संकट दुसऱ्याच्या अंगावर आणि लाभ आपल्या पदरात, ही अशा लोकांची रीतच असते. त्याने विल्यम फॉस्टर या जहाजबांधणी करणाऱ्या कप्तानाला हाताशी धरले. फॉस्टरने १८५५ साली ‘क्लोटिल्डा’ नावाचे एक दोन डोलकाठ्यांचे शिडाचे जहाज बांधले होते. ते जहाज ८६ फूट लांब असून वेगवान होते. ४ मार्च १८६० रोजी ते मोबीलहून निघाले. वरवर पाहता ते इमारती लाकडाच्या व्यापाराला निघाले होते; पण लाकडांच्या खाली पाण्याची पिंपे आणि शंभराहून अधिक माणसांना पुरेल एवढे धान्य दडवलेले होते. कप्तानाजवळ ९,००० डॉलरांचे सोने होते. वादळाने जहाज मोडकळीस आले. प्रवासाचा खरा हेतू उमगताच खलाशांनी बंड केले. तेव्हा फॉस्टरने अधिक वेतनाचे आमिष दाखवून त्यांची तोंडे बंद केली. १५ मे रोजी जहाज पश्चिम आफ्रिकेतील वीदा या बंदरापाशी पोहोचले. हा प्रदेश आज बेनिन या देशात आहे.

वीदा हे तेव्हा दाहोमी राज्याचे बंदर होते. दाहोमीचा राजा शेजारच्या वस्त्यांवर छापे घालून माणसे पकडी आणि ती गोऱ्या व्यापाऱ्यांना विकी. आफ्रिकेतील सत्ताधीशही या पापाचे भागीदार होते, हे सत्य लपविण्यात अर्थ नाही; परंतु घेणारा नसता तर विकणारा कोठून निर्माण झाला असता, हाही विचार केला पाहिजे. असाच एक छापा पहाटेच्या वेळी एका गावावर पडला. त्यात सुमारे एकोणीस वर्षांचा कोसोला नावाचा तरुण पकडला गेला. त्याचे आप्तेष्ट त्याच्या डोळ्यांदेखत मारले गेले. साखळदंडात त्याला वीदाच्या किनाऱ्यावर आणून गुलामांच्या कोंडवाड्यात ठेवण्यात आले. तेथे फॉस्टरने माणसे निवडली आणि सुमारे ११० जणांना जहाजावर चढविले. त्यांत तरुण मुलेमुली अधिक होत्या आणि लहान बालकेही होती. त्यांची वस्त्रे काढून घेण्यात आली. पहिले सुमारे तेरा दिवस त्यांना तळघराच्या अंधारातून बाहेरही काढले नाही. पाणी घोटभर मिळे, तेही आंबूस. ज्यांनी आजवर समुद्र पाहिलाही नव्हता अशा त्या जिवांवर सहा आठवडे तो गर्जत राहिला.

जुलै १८६० च्या आरंभी ‘क्लोटिल्डा’ मोबीलच्या जवळ आली. यापुढचा सर्व बेत मेहरने आखलेला होता. रात्रीच्या काळोखात एका वाफेच्या बोटीने ते जहाज ओढत नदीच्या वरच्या अंगाला नेले. बंदिवानांना ‘झार’ नावाच्या दुसऱ्या बोटीवर चढवून बर्न्स मेहरच्या ताब्यात देण्यात आले, आणि मग ‘क्लोटिल्डा’ला आग लावून नदीत बुडविण्यात आले. जहाजाच्या पोटातील पाण्याची पिंपे आणि माणसांच्या वासाने भरलेले ते तळघर हाच मुख्य पुरावा होता. तो जळाला की फाशीचा दोर दूर झाला! हे सर्व घडत असताना टिमोथी मेहर स्वतः आपल्या ‘रॉजर बी. टेनी’ बोटीवर उतारूंचे आगतस्वागत करीत होता. आपण त्या रात्री अन्यत्र होतो, असे पुढे साक्षीदारांकरवी सिद्ध करता यावे म्हणून.

तरीही बातमी फुटली. नगरात जो तो त्याविषयी बोलत होता. वृत्तपत्रांतही ती झळकली. सरकारी अधिकाऱ्यांनी चौकशी आरंभिली, तेव्हा बंदिवानांना नदीकाठच्या बांबूसारख्या दाट वेतांच्या रानात लपविण्यात आले. त्यांनी अंग झाकण्यासाठी मिळतील त्या चिंध्या गुंडाळल्या. डासांनी आणि दलदलीने ते हैराण झाले; आणि माग लागू नये म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा जागा बदलावी लागली. मेहरवर खटला भरण्यात आला खरा. पण न जहाज सापडले, न माणसे. किंबहुना ती सापडावीत अशी मनापासून इच्छा असणारे फारच थोडे होते. जानेवारी १८६१ मध्ये, अलाबामा राज्य अमेरिकेच्या संघराज्यातून फुटून निघण्याच्या धामधुमीत, खटला काढून टाकण्यात आला. मेहर एक दिवसही तुरुंगात गेला नाही. कप्तान फॉस्टरला जहाजाची नोंद जकातीच्या कचेरीत न केल्याबद्दल १,००० डॉलरांचा दंड तेवढा झाला.

याच संदर्भात दुसरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मेहरप्रमाणेच मेन राज्यात जन्मलेला नॅथॅनिएल गॉर्डन नावाचा एक कप्तान ऑगस्ट १८६० मध्ये सुमारे ९०० आफ्रिकी बंदिवानांसह आफ्रिकेच्या किनाऱ्यानजीक पकडला गेला. त्याचा खटला न्यूयॉर्क येथे चालला आणि अध्यक्ष लिंकन यांनी त्याची दयेची याचना मान्य न केल्यामुळे २१ फेब्रुवारी १८६२ रोजी त्याला फाशी देण्यात आले. १८२० च्या त्या कायद्याखाली फाशी गेलेला तो एकटाच मनुष्य. अपराध एक, कायदा एक, आणि दोघांच्या अपराधांत महिन्याभराचेच अंतर. एकाच्या गळ्यात फास पडला आणि दुसऱ्याच्या गळ्यात मानाचा हार राहिला! कायद्याला हात असतात. पण ते हात हलविणारे मन समाजाला असावे लागते, हेच या दोन कथांवरून दिसून येते.

सुटल्यानंतर आणलेल्या माणसांची वाटणी झाली. काही मेहर बंधूंकडे राहिली, काही फॉस्टरला मिळाली आणि काही नदीच्या वरच्या भागातील मळेवाल्यांना विकण्यात आली. कोसोला जेम्स मेहरच्या वाट्याला आला. पुढे लोक त्याला कडजो लुइस म्हणू लागले. एकाच गावची, एकाच भाषेची माणसे पुन्हा दुरावली. याच सुमारास यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली आणि मोबीलचा कापूस धक्क्यावरच अडकला. विद्यार्थ्यांना हे ठाऊक असावे की, याच घटनेचा लाभ दूरच्या मुंबईला झाला. अमेरिकेचा कापूस बंद पडताच वऱ्हाड, खानदेश आणि धारवाड येथील कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो तितक्याच वेगाने ओसरून अनेक पेढ्या बुडाल्या. जगाच्या एका टोकाचा अन्याय दुसऱ्या टोकाच्या बाजारभावात कसा मिसळून जातो, याचे हे उदाहरण आहे.

एप्रिल १८६५ मध्ये मोबील उत्तरेच्या सैन्याच्या हाती आले आणि सैनिकांनीच या लोकांना ते मुक्त झाल्याचे सांगितले. सुमारे पाच वर्षांच्या दास्यानंतर ते स्वतंत्र झाले. पण जावे कोठे? त्यांची एकच इच्छा होती, मायदेशी परतण्याची. पुरुष गिरण्यांत राबू लागले, बायका भाजीपाला पिकवून विकू लागल्या. पण जहाजाच्या भाड्याएवढी रक्कम काही केल्या साठेना. तेव्हा, ज्याने आपणांस घरादारावेगळे केले त्यानेच आपणांस घरापुरती जमीन द्यावी, असे त्यांनी ठरविले आणि बोलण्याचे काम कोसोलाकडे सोपविले. एके दिवशी कोसोला रानात झाड तोडीत असता टिमोथी मेहर तेथे आला आणि त्या पाडलेल्या झाडाच्या खोडावर बसला. कोसोलाचे उदास मुख पाहून त्याने कारण विचारले. कोसोलाने आपले मन मोकळे केले. आम्हांला देश होता, घरे होती, जमीन होती. आपण आम्हांला येथे आणले, आता आम्हांला ना देश आहे ना जमीन, तर आपल्या विपुल जमिनीतील थोडा तुकडा आम्हांला द्यावा, अशा आशयाची त्याची विनवणी होती. ती ऐकताच मेहर ताडकन उठला. मी माझ्या गुलामांना नीट सांभाळले, आता त्यांचे मी काही देणे लागत नाही, असे सांगून त्याने ती मागणी झिडकारली.

मेहरच्या चरित्रातील सर्वांत काळा क्षण कोणता, असे कोणी विचारले तर कोणी ती पैज सांगेल, कोणी ती जळत्या जहाजाची रात्र सांगेल. माझ्या मते तो क्षण या रानातला आहे. पैज मारताना ती माणसे त्याला दिसत नव्हती, असे म्हणता आले असते. येथे तर मनुष्य त्याच्यासमोर उभा होता, आपले दुःख मनुष्याच्या वाणीने सांगत होता, आणि तरीही त्याच्या अंतःकरणाला पाझर फुटला नाही. अपराध करण्याहून अपराध कळूनही त्याची भरपाई नाकारणे अधिक दारुण होय.

त्या निराधार लोकांनी मात्र धीर सोडला नाही. त्यांनी पै-पैसा साठविला आणि जी जमीन दानात मिळाली नाही ती दाम मोजून विकत घेतली. काही खुद्द मेहरकडूनच. कोसोलाने १८७२ साली १०० डॉलर मोजून दोन एकर जमीन घेतली. त्यांनी एकमेकांची घरे बांधली, आपला मुखिया निवडला, तंटे मिटविण्यासाठी न्यायकर्ते नेमले, प्रार्थनामंदिर उभारले आणि मुलांसाठी शाळा काढली. त्या वस्तीला ‘आफ्रिकाटाउन’ हे नाव पडले. आपली मूळ भाषा आणि आपल्या गावच्या आठवणी त्यांनी तेथे जतन केल्या. मतदानाचा हक्क मिळाल्यावर ते मत देण्यास गेले, तेव्हा मेहरने त्यांना रोखण्याचा प्रयत्न केला; तरी एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात पायपीट करीत त्यांनी तो बजावलाच, असे सांगतात.

टिमोथी मेहर १८९२ साली मरण पावला, आणि तोही आपल्या कृत्याचा पश्चात्ताप न करता. वृद्धपणी ती हकीकत तो बातमीदारांना एखाद्या पराक्रमाप्रमाणे सांगे. त्याच्या घराण्याकडे मोठी जमीनजुमला राहिली. आजही अलाबामातील एका सरकारी उद्यानाला त्या घराण्याचे नाव आहे. कोसोला १९३५ पर्यंत जगला. त्याची पत्नी आणि सहाही मुले त्याच्या हयातीतच गेली. झोरा नील हर्स्टन या लेखिकेने १९२७-२८ साली त्याच्या मुखातून त्याची कहाणी टिपून घेतली. परंतु तो ग्रंथ प्रसिद्ध होण्यास २०१८ साल उजाडावे लागले. ‘क्लोटिल्डा’तून आलेल्यांपैकी अखेरची ज्ञात व्यक्ती, माटिल्डा मॅक्क्रिअर, १९४० साली निवर्तली. ती अमेरिकेत आली तेव्हा केवळ दोन वर्षांची होती.

पुष्कळ वर्षे काही लोक म्हणत, ही सारी दंतकथाच असेल. जहाज तर कोठे दिसत नाही. परंतु नदीने ते जपून ठेवले होते. २२ मे २०१९ रोजी मोबील नदीच्या गाळात सापडलेले अवशेष ‘क्लोटिल्डा’चेच होत, असे अलाबामा इतिहास आयोगाने जाहीर केले. जे जाळून टाकले असे मेहरला वाटले होते, ते एकशे एकोणसाठ वर्षांनी साक्ष देण्यास उभे राहिले. २०२३ साली आफ्रिकाटाउनमध्ये या कथेचे स्मारकगृहही उघडण्यात आले.

विद्यार्थिमित्रहो, ही दूरदेशीची कथा म्हणून आपण ती बाजूला ठेवू नये. आपल्याही किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या गलबतांतून आफ्रिकी गुलाम आणले जात आणि गोव्याच्या बाजारात विकले जात. हल्याळ, यल्लापूर आणि खानापूरच्या रानांतून राहणारे व आपल्यासारखीच कोकणी बोलणारे सिद्दी बांधव हे अशा आफ्रिकी पूर्वजांचेच वंशज होत. त्यांच्याकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या मनाला द्यावे. मेहरला बुद्धी होती, उद्योग होता, धाडस होते. समोरच्या मनुष्यात मनुष्य पाहण्याची दृष्टी तेवढी नव्हती. ती एक नसली की बाकीचे सारे गुण पापाचेच सेवक बनतात. आणि ती असली, तर सर्वस्व हिरावले गेलेला कोसोलाही दोन एकर जमिनीवर एक गाव उभारण्यास हातभार लावतो.